दोन बोटांचं उजवं बटण

मी तात्यांना लॅपटॉपचा पासवर्ड विचारायला आयसीयूत गेलो होतो. छातीत जंतू झाल्यामुळे त्यांच्या घशात नळी आहे आणि ते बोलू शकत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी गेलो. वीस बाय दहाचा एक वाढदिवसाचा फ्लेक्स त्या लॅपटॉपमध्ये अडकला होता, आणि गडहिंग्लजमध्ये वाढदिवसाचा फ्लेक्स अडकणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या हॉस्पिटलवाल्यांना समजावून सांगता येत नाही.

"पेशंटचे कोण तुम्ही?" दारावरच्या सिस्टरनं विचारलं.

"पुतण्या."

"काल एक पुतण्या येऊन गेले."

"ते थोरले."

तात्या एकुलते एक. कालचा पुतण्या कोण होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

भालचंद्र नेर्लीकर म्हणजे तात्या, नेर्लीकर मुद्रणालयाचे मालक. पूर्वी खिळे जुळवून लग्नपत्रिका छापायचे, मग काळ बदलला आणि फ्लेक्स छापायला लागले. मी त्यांच्याकडे डिझाइनचं काम करायचो. माझं नाव प्रद्युम्न. ते उच्चारायला लागणारा वेळ वाया जातो म्हणून तात्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'पद्या' केलं होतं.

बाहेरच्या बाकावर काकू मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. डबा उघडलेला दिसत नव्हता. शेजारी त्यांचा मुलगा शिरीष उभा होता. पुण्याहून आल्यापासून त्यानं दाढी केली नव्हती, आणि झोपलाही नसावा.

"आलास होय रे," काकू म्हणाल्या. "दुकान?"

"चाललंय काकू."

दुकान बंद होतं. मी पासवर्डचा विषय काढणार, तेवढ्यात शिरीष म्हणाला, "प्रद्युम्न, बस जरा." माझं पूर्ण नाव घेणारा तो एकटाच होता, त्यामुळे तो काहीही बोलला तरी ते गंभीर वाटायचं. आज ते होतंच.

"ही नळी घशात आणखी ठेवता येत नाही म्हणतात. एक तर गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालायची आणि मशीन चालू ठेवायचं. किती दिवस, ते कुणीच सांगत नाही."

"नाहीतर?"

"नाहीतर उद्या सकाळी नळी काढायची. स्वतःचा श्वास घेतला तर घेतला. परत घालायची नाही."

काकूंनी डब्याची कडी उघडली आणि परत लावली. "त्यांनी सांगूनच ठेवलंय ना," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. तात्यांनी ते अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते काउंटरवर हात आपटून ऐकवायचे, "मला लोंबकळत ठेवायचं नाही. नळ्या नकोत, मशीन नको. खेळ संपला की दिवा बंद." समोरचा माणूस आपल्या वडिलांचा फोटो हातात धरून मान हलवायचा. तो दुसरं काय करणार?

"मी त्यांच्या मनासारखं करणार आहे," शिरीष म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी. उद्या सकाळी सही करतो."

माझा फोन थरथरला. फ्लेक्स मागणारे होते. मी फोन खिशातच दाबून धरला.

डॉक्टर मुजावर मॅडम राउंडला आल्या, तेव्हा त्यांनी आम्हा तिघांनाही आत घेतलं. एरवी एकालाच सोडतात. तिघांना सोडलं, याचा अर्थ मला आत गेल्यावर कळला.

तात्या निम्मे झाले होते. तोंडातून नळी, नळीला मशीन, आणि मशीन त्यांच्या वतीनं श्वास घेत होतं. नळी ओढून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं कापडी पट्टीनं पलंगाला बांधली होती. डोळे उघडे होते, पण ते छताकडे बघत होते.

"तात्या, माझा हात दाबा," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या.

तात्यांनी दाबला नाही.

"बरं, डोळे मिटून उघडा."

तेही नाही. मॅडम शिरीषकडे वळल्या. "गुंगीचं औषध बंद करून दोन दिवस झाले. हाताला ताकद नाही ते समजू शकते. पण सांगितलेलं करत नाहीत. काल एकदा डोळे मिटले होते, पण ते माझं ऐकून की आपोआप, ते कळलं नाही."

मला वाटलं, तात्यांनी धडधाकट असताना तरी कुणी सांगितलं म्हणून डोळे कधी मिटले होते? पण मी बोललो नाही. पुतण्या म्हणून माझा तो पहिलाच दिवस होता.

"उद्या दहाच्या सुमारास करू," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्रास होणार नाही, एवढी काळजी घेऊ."

तेव्हा मला तात्यांचा उजवा हात दिसला. मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही बोटं एकदम उचलली गेली आणि चादरीवर एकदम टेकली. थांबली. पुन्हा टेकली.

"हे असं सारखं चाललेलं असतं," मॅडम म्हणाल्या. "मेंदू गोंधळलेला असला की पेशंट चादर चाचपतात."

त्या हाताबद्दल सांगायला हवं. त्या हाताला तर्जनी नव्हती. फार पूर्वी कागद कापायच्या मशीनमध्ये ती गेली, कुणाच्या तरी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर. "लग्न टिकलं," तात्या सांगायचे, "बोट गेलं." खिळे जुळवताना त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते माऊस आल्यावर. माऊसचं डावं बटण तर्जनीचं. तात्या तिथे मधलं बोट न्यायला बघायचे, ते घसरून उजव्या बटणावर पडायचं, मेनू उघडायचा आणि काहीतरी डिलीट व्हायचं. एकदा एका सभापतींची मिशी गेली. सभापतींनी स्वतः येऊन ती परत बसवून घेतली, आधीपेक्षा थोडी मोठी.

मग मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि माऊस कपाटात ठेवला. टचपॅडवर एका बोटाचा टॅप म्हणजे डावं बटण. दोन बोटांचा टॅप म्हणजे उजवं बटण. दोन बोटं सरकवली की पान वर-खाली. तीन बोटं खाली ओढली की उघडं असलेलं सगळं बाजूला. तात्यांनी एका बोटानं टॅप केलं, फाइल निवडली गेली, आणि ते कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. "ह्याला बोटाचं नाव विचारायची सवय नाही," ते म्हणाले. त्यानंतर ते माऊसकडे फिरकले नाहीत.

पुढे ती बोटं लॅपटॉपबाहेरही चालायला लागली. एखादं गिऱ्हाईक 'आठशेच देणार' म्हणालं, की तात्या बोलायचेच नाहीत. काउंटरवर दोन बोटं एकदम टेकवायचे आणि माझ्याकडे बघायचे. म्हणजे मेनू उघड, दुसरं काय काय आहे बघू. मी म्हणायचो, "तात्या, लहान साइज आहे, काळा-पांढरा आहे, नाहीतर शेजारचं दुकान आहे." गिऱ्हाईक बाराशे द्यायचं. घरी मात्र हे चालायचं नाही. घरी काकू होत्या आणि मेनू त्यांचा होता.

चादरीवर ती दोन बोटं पुन्हा टेकली.

"तात्या राइट क्लिक करतायत," मी म्हणालो.

मशीननं तात्यांचे दोन श्वास घेतले.

"काय?" शिरीष म्हणाला.

"दोन बोटांचा टॅप. उजवं बटण. तुम्ही उद्याचं बोलल्यावर त्यांनी ते केलं. दुसरं काय आहे, असं विचारतायत ते."

"प्रद्युम्न, तू बाहेर जा."

"शिरीषदादा, दुकानात रोज असंच—"

"माझे वडील मरतायत आणि तू मला लॅपटॉप शिकवतोयस! बाहेर जा म्हटलं ना!"

"ओरडू नकोस रे," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्या तात्यांच्या हाताकडे बघत होत्या. "मॅडम, त्यांना परत विचारा ना काहीतरी. हात दाबा वगैरे नको. असलं सांगितलेलं ते करत नाहीत."

मॅडम पलंगाच्या त्या बाजूला गेल्या. वाकून म्हणाल्या, "तात्या, आत्ता बोटांनी केलंत, ते परत करा."

दोन बोटं उठली आणि टेकली.

"योगायोगही असू शकतो," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आधीसारखा राहिला नव्हता.

"त्यांचा लॅपटॉप आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "पिशवीत."

"आयसीयूत लॅपटॉप कशाला आणलात तुम्ही?"

आता खरं सांगण्याशिवाय इलाज नव्हता. "पासवर्ड विचारायला."

शिरीषनं माझ्याकडे बघितलं. माणसाला आणि एखाद्या डागाला एकाच वेळी बघितल्यासारखं ते बघणं होतं.

सिस्टरनी लॅपटॉप स्पिरिटनं इतका पुसला, की तो दुकानात कधी तेवढा स्वच्छ नव्हता. मॅडमनी स्वतः उजव्या मनगटाची पट्टी सोडली. लॅपटॉप तात्यांच्या कुशीशी उशीवर तिरका ठेवला. तात्यांचे डोळे छतावरून खाली आले आणि स्क्रीनवर थांबले. मी पासवर्डच्या चौकटीखाली कीबोर्डचं चित्र उघडून दिलं, म्हणजे बटणं दाबायला ताकद लागणार नाही, बाण नेऊन टॅप केलं की झालं. मग त्यांचा हात टचपॅडवर ठेवला आणि मागे झालो.

"आता कुणी हात लावू नका," मॅडम म्हणाल्या.

बाण हलला. आधी भलत्याच कोपऱ्यात गेला. तिथून परत आला. आकड्यांच्या ओळीपाशी आला आणि थरथरत एकावर थांबला. मधल्या बोटानं टॅप. चौकटीत एक ठिपका उमटला.

मग दोनावर टॅप. तीनवर गेला आणि पुढे घसरला, पुन्हा मागे आला. टॅप. काकूंनी तोंडाला पदर लावला. चार. पाच. पाचाला मला पासवर्ड कळला. आदल्या दिवशी मी काकूंचं नाव वापरून बघितलं होतं, कुलदैवताचं बघितलं होतं, शिरीषची जन्मतारीख बघितली होती आणि वैतागून एक शिवीही टाकून बघितली होती. एक ते आठ बघितलं नव्हतं. तात्यांबद्दल आदर होता.

आठ झाल्यावर बाण एंटरवर गेला. टॅप.

लॅपटॉप उघडला, आणि तात्यांनी आजारी पडायच्या दिवशी जिथं सोडला होता तिथेच उघडला. अख्ख्या स्क्रीनवर हात जोडून हसणारा एक युवा नेता आला. त्याच्या भोवती चाळीस कार्यकर्त्यांचे गोल चेहरे, वर केशरी अक्षरांत अभीष्टचिंतन. आयसीयूतल्या त्या पांढऱ्या उजेडात ते सगळे आमच्याकडे बघून हसत राहिले. मॅडमच्या चेहऱ्यावर मास्क होता. त्यामागं काय झालं ते दिसलं नाही.

तात्यांनी तीन बोटं ठेवली आणि खाली ओढली. नेता, कार्यकर्ते, अभीष्टचिंतन, सगळं नाहीसं झालं.

"हे त्यांनी केलं?" मॅडमनी विचारलं.

"हो. सगळं बाजूला, असं."

मॅडमनी स्टूल ओढलं आणि तात्यांच्या डोक्याशी बसल्या. "तात्या," त्या म्हणाल्या, आता ओरडून नाही, "इतके दिवस मी तुमच्याबद्दल बोलत होते. आता तुमच्याशी बोलते. विचारा काय ते."

मी लिहायचं पान उघडून दिलं. तात्या फ्लेक्ससाठी गिऱ्हाइकांना मेसेज करायचे तसं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागले. एकेका अक्षरासाठी बाण इकडून तिकडे जायचा. आम्ही चौघं एक माणूस एक शब्द लिहिताना बघत होतो.

*नळी काढली तर*

"तर श्वास तुमचा तुम्हाला घ्यावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "तो पुरेल असं मला वाटत नाही."

*मरेन*

"बहुतेक."

दोन बोटांचा टॅप. स्क्रीनवर एक मेनू उघडला, कॉपी, पेस्ट वगैरे. त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. पण मॅडमना आता ते समजत होतं.

"दुसरं म्हणजे गळ्याला इथे भोक पाडायचं. मशीन चालू राहील. ते कधी सुटेल, सुटेल की नाही, मला माहीत नाही. निदान बरेच दिवस बोलता येणार नाही. तोंडानं खाता येणार नाही. घरी जाता येईलच, असं मी वचन देत नाही. यात चांगलं सांगण्यासारखं फार नाही, तात्या."

काकू पुढे झाल्या. "अहो, तुम्हीच म्हणाला होता ना, लोंबकळत ठेवायचं नाही म्हणून. सगळ्यांना सांगितलं होतं तुम्ही. म्हणून आम्ही..."

तात्यांनी काकूंकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. मला त्यांचा चेहरा माहीत होता. फ्लेक्सवर स्वतःच्या हातून चूक झाली की ते असे दिसायचे. बाण निघाला. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, पुन्हा लिहिलं. मशीन आपल्या तालात श्वास घेत होतं. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडून येऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या होत्या.

*मी बोललो ते विसरा*

आणि खालच्या ओळीत,

*भोक पाडा*

शिरीष पलंगाची दांडी धरून खालीच बसला. फरशीवर. डोकं दांडीला टेकवून म्हणाला, "बाबा, मी उद्या सही करणार होतो."

*ऐकलं*

एवढंच लिहून तात्यांचा हात बाजूला पडला. दमले असावेत. मॅडम पट्टी परत बांधायला वाकल्या आणि थांबल्या. "नको," त्या सिस्टरना म्हणाल्या, "राहू दे मोकळा." तात्यांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग उघडले, हात परत टचपॅडवर आणला आणि शिरीषकडे बघत आणखी एक ओळ लिहिली.

*दाढी कर*

शिरीष तिथे फरशीवर बसून रडला. आम्ही त्याला रडू दिलं. फोन पुन्हा थरथरत होता, मी तो बंद केला. तो फ्लेक्स शेवटी शेजारच्या दुकानानं केला, आणि नेत्याचा वाढदिवस बिनबोभाट पार पडला.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या गळ्याला भोक पाडलं. सही शिरीषनंच केली, गुळगुळीत दाढी करून.

त्यानंतर तात्या महिनाभराहून थोडे जास्त जगले. घरी आले नाहीत. मशीन मध्ये काही तास सुटायचं, मग परत लागायचं. मी आठवड्यातून दोनदा जायचो. शिरीष पुण्याला गेलाच नाही, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून पुण्याची नोकरी करायचा आणि दुपारी वडिलांजवळ बसायचा. त्याला वाटायचं, ते आज काहीतरी सांगतील. तात्या लिहायचे, आणि काकू चष्मा लावून मोठ्यानं वाचायच्या. *पंखा आवाज करतोय. कालची सिस्टर बरी होती. गॅसचा रेग्युलेटर तूच बिघडवलास.* यावर काकू चिडून, मी नाही, तुम्हीच, म्हणायच्या, आणि तात्या दोन बोटं टेकवायचे. काकूंनाही आता त्याचा अर्थ ठाऊक झाला होता. "दुसरं कोण असणार?" त्या म्हणायच्या. "घरात दोघंच होतो." शिरीषला ते लॅपटॉपवर पत्ते खेळायला बसवायचे आणि प्रत्येक चालीला नाक मुरडायचे. नळीसकट नाक मुरडता येतं, हे मी तिथे बघितलं.

मग छातीत पुन्हा जंतू झाले. यावेळी मॅडमकडे मेनूत काही नव्हतं. तसं त्यांनी तात्यांना स्वतः सांगितलं. तात्या एका दुपारी गेले, काकू आणि शिरीष दोघंही जवळ असताना.

बरेच महिने गेल्यावर काकू दुकानात आल्या. मी त्यांना तात्यांची खुर्ची दिली, पण ती नको म्हणून त्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या.

"शिरीष विचारत होता," त्या म्हणाल्या. "बाबांना आपण उगाच महिनाभर त्रास दिला का, म्हणून. तुझ्यावर नाही हो राग त्याचा. नुसतं विचारत होता."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तू एक खरं सांग, पद्या. तुला त्यांनी काही लिहून सांगितलं होतं का? कुणाला निरोप, कुणाची माफी, काही राहिलेलं?"

"नाही, काकू."

"मलाही नाही. मी रोज वाट बघायचे. म्हटलं, सगळ्या गावासमोर दिलेला शब्द फिरवून माणूस थांबला, तर काहीतरी मोठं सांगायचं असणार. शेवटच्या दिवसापर्यंत वाटत होतं, आता सांगतील."

"शेवटी काय लिहिलं?"

"खिडकी उघड, म्हणाले. मी म्हटलं, एसी आहे, ती उघडत नाही. मग म्हणाले, पडदा तरी सरकव. सरकवला." काकूंनी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "खाली पार्किंग होतं. एक माणूस गाडी मागं घेत होता. त्याला काही ती जमेना. पुढे घ्यायचा, मागे घ्यायचा, परत तिथेच. वॉचमन शिट्ट्या मारून थकला. आम्ही दोघं बघत बसलो. बराच वेळ."

"जमली का मग?"

"कुठली जमतेय! शेवटी तशीच तिरकी सोडून गेला." काकू रस्त्याकडे बघत होत्या. "पण ह्यांना काय हसू आलं म्हणून सांगू, पद्या. गळ्यातनं आवाज नाही, काही नाही. नुसते खांदे हलत होते."